विमानतळ आखू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

गेल्या आठवड्यात पुण्याला परतताना एका छोट्या विमानतळावर पट्टा बांधून पाऊण तास बसण्याचा योग आला. नुकतेच उतरलेले एक विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले, तेथे वळले आणि त्याच धावपट्टीवरून वरातीच्या चालीने परत आले; ते बाजूला होते न होते तोच दुसरे उतरले आणि त्यानेही तीच वरात काढली. आपल्यालाही कधी विमानतळ आखण्याची संधी मिळाली, तर पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

धावपट्टीची दिशा ठरवताना वाऱ्याला विचारू नये. आडव्या वाऱ्याची मर्यादा सांभाळून विमानतळ किमान ९५ टक्के वेळ वापरता यावा आणि त्यासाठी निदान पाच वर्षांच्या नोंदी तपासाव्यात, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. परंतु निवडणुकाही पाचच वर्षांनी येतात, हे तो संकेत लिहिणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे. जमीन ज्या दिशेला लांब मिळेल, तीच वाऱ्याची दिशा मानावी.

धावपट्टीची लांबी समुद्रसपाटीची धरावी. दर ३०० मीटर उंचीमागे ती ७ टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे पुण्याच्या उंचीवर तेरा-चौदा टक्के, आणि एप्रिल-मेचा पारा त्याउपर. पण तेवढे भागाकार-गुणाकार करण्यापेक्षा, लांबी अपुरी पडली की दुपारच्या विमानातील काही प्रवासी आणि त्यांच्या बॅगा उतरवणे सोपे असते.

एप्रनवर, म्हणजे टर्मिनलसमोर विमाने उभी राहतात त्या जागेत, विमानाला स्वतःहून वळता येईल एवढी जागा ठेवू नये.

धावपट्टी लवकर मोकळी व्हावी म्हणून विमानांच्या ये-जा करण्यासाठी तिच्या शेजारून जाणारा रस्ता, म्हणजे समांतर टॅक्सी-वे, मात्र नकाशावर अवश्य दाखवावा, तुटक रेघेने, आणि शेजारी ‘टप्पा दोन’ असे लिहावे. वाचलेल्या पैशांतून टर्मिनलला वाड्याच्या कमानी आणि सागवानी रंगाचे छत करता येते, ज्यांच्यासमोर फीत कापता येते; डांबराच्या साध्या पट्ट्यासमोर उभे राहून कोणत्या मंत्र्याचा फोटो चांगला आला आहे? मग राखलेल्या पट्ट्यात आधी अग्निशमन केंद्र बांधावे, नंतर इंधनाच्या टाक्या, आणि दहा वर्षांनी विमाने वाढली की टॅक्सी-वेला जागाच उरलेली नाही, याबद्दल समिती नेमावी. पुढचा विचार न करता बांधलेला विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये जमीनदोस्त झालेला पाहणाऱ्या पुणेकरांना हे नवीन नाही. फरक एवढाच, की पुलाखाली आपण गाडीतून उतरून निदान चिडू तरी शकत होतो. धावपट्टीचाच रस्ता केला की काय होते, हे जगाने १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर पाहिले: टॅक्सी-वेवर विमाने दाटीने उभी होती, म्हणून दोन जम्बो विमानांना धावपट्टीवरूनच जावे लागले, दाट धुके उतरले, आणि एकाने उड्डाणासाठी वेग घेतला तेव्हा दुसरे अजून धावपट्टीवरच होते. ५८३ माणसे गेली. त्यात वैमानिकाची चूक होतीच, संदेशांचा गोंधळही होता. परंतु माणूस चुकणार हे गृहीत धरूनच आराखडा काढायचा असतो, एवढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते आणि तुम्हाला कळत नाही?

धावपट्टीच्या टोकापलीकडची सुरक्षित जागाही तुम्ही अशीच कापता. किमान ९० मीटर सक्तीचे, २४० मीटरची शिफारस. मग ९० वर बोट ठेवून ‘नियमात बसते’ म्हणता. मंगळूरला २०१० मध्ये आणि कोळिकोडला २०२० मध्ये विमाने टोक ओलांडून पठाराखाली कोसळली, त्यानंतरही असे म्हणायला जीभ कशी रेटते? शेतकऱ्याकडे जमीन एकदाच मागता येते. दुसऱ्यांदा गेलात तर तो दारात उभे करणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल. तेव्हा पट्टा पहिल्याच वेळी घ्या, टॅक्सी-वे पहिल्याच टप्प्यात बांधा आणि पैसे कमी पडत असतील तर छत पत्र्याचे करा. पत्र्याखाली आम्ही खुशाल थांबू. आमचा जन्म एसटी स्टँडवर गेला आहे.