चलान दाजींच्या नावावर, दाजी वाशीला

रविवारी रात्री दाजींचा फोन आला. आवाज पडलेला. दाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. मोटारसायकल त्यांच्या नावावर, पण फिरवतो इथं पाटणला त्यांचा पोरगा. कराडात ट्रिपल सीट जाताना फोटो निघाला, हजाराचं चलान पडलं. मेसेज दाजींच्या मोबाईलवर गेला, त्यांनी जाहिरात समजून सोडून दिला. आता दुसरा मेसेज: साताऱ्याला लोकअदालतीत हजर राहा. "वॉरंट निघंल का रं?" एवढंच ते चार वेळा विचारत होते.

हजाराच्या दंडासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून माणूस रात्रीच्या एसटीनं निघायच्या तयारीत होता. मला ह्याचंच फार वाईट वाटलं. चूक झाली, दंड भरलाच पाहिजे, भाच्याला मी त्याच रात्री झापलाय. पण बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं धरलं तर दंड हजाराचा की तीन हजारांचा?

लोकअदालतीची नोटीस आणि कोर्टाचं समन्स ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकअदालत म्हणजे तडजोडीचं बोलावणं. दाजींसारखं थकलेलं चलान कोर्टात दाखल होण्याआधीच मिटवायला बोलावतात, तिथं गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही. मात्र चलान थकलेलंच राहतं आणि पुढं कोर्टात जाऊ शकतं. समन्स आलं तर गप्प बसायचं नाही, तिथं खरोखर वॉरंटपर्यंत जातं.

पण समन्स आलं तरी प्रत्येक वेळी स्वतःच उभं राहावं लागतं असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २०८ बघा. किरकोळ गुन्ह्यांच्या समन्समध्ये कोर्टानं लिहायचं असतं की स्वतः या किंवा वकील पाठवा, नाहीतर तारखेआधी गुन्हा कबूल करून ठरलेली रक्कम मनीऑर्डरनं पाठवा. मनीऑर्डर! पाटण-जावळीची कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर उभी राहिली. लांब पोटासाठी गेलेल्या माणसाचा विचार कायद्यानं केलाय, पण ते त्याला कोणी सांगत नाही. माझी मागणी एवढीच आहे: मेसेज मराठीत पाठवा आणि "हजर राहा"च्या खाली "येणं जमत नसेल तर असं करा" ही एक ओळ लिहा. त्या ओळीअभावी एजंटाचं फावतं. दाजींना मार्केटातल्याच एकानं "दीड हजार दे, मिटवतो" म्हटलं होतं.

आम्ही काय केलं? महाट्रॅफिकच्या सरकारी साईटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले. फोटो दिसला, त्यात भाचाच होता. चलान अजून कोर्टात गेलं नव्हतं, तिथंच हजार भरले आणि पावती दाजींना पाठवली. फोटोत गाडी दुसऱ्याची असली तर तिथंच तक्रारही करता येते. फक्त व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावानं एपीके फाईल (मोबाईलात ॲप घुसवणारी) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं.

आणखी एक. गाडी बहिणीच्या किंवा बायकोच्या नावावर असेल आणि प्रकरण कोर्टात गेलं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं वकील मागा. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. अर्ज करायला मी सोबत येईन, साताऱ्यातल्या कुणालाही.