होल्डर घट्ट आहे, म्हणून फोन सुरक्षित आहे असं नाही

बाईक चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला आणि तिघांनाही तो मनापासून पटलेला होता, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फोन हँडलवर लावायला घट्ट पकडणारा कुठलाही होल्डर चालतो. थरथरीने कॅमेरा बिघडतो ही डॅम्पर (थरथर शोषणारा, होल्डरमधला रबरी भाग) विकणाऱ्यांनी उठवलेली आवई आहे, फार तर फोनखाली स्पंज घाला. नवे फोन वॉटरप्रूफ असतात, त्यामुळे पावसाची चिंता नको. गाडीच्या बॅटरीवरून थेट वायर ओढून चार्जर लावा, फोन कधी बंद पडणार नाही. गाणी ऐकायची असतील तर इअरबड घाला आणि वाऱ्याच्या वर आवाज न्या.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीचं सगळं खपून जातं.

होल्डर घट्ट हवाच. फोन निसटून मागच्या गाडीच्या चाकाखाली जाणं हा सगळ्यांना कळणारा धोका आहे. बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी 22 मिलिमीटरची असते, जाड हँडल मध्यभागी 28.6 मिलिमीटर भरतं. क्लॅम्प मोठा आणि नळी बारीक असेल तर मधे रबरी पट्टी घालावी लागते. ती न घालता नुसता स्क्रू आवळत बसलं तर एक दिवस क्लॅम्पचं प्लॅस्टिक चिरतं. (स्क्रू सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर लावत असाल तर तो प्लॅस्टिकला लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात.) इथवर मेसेजशी माझं भांडण नाही. पण होल्डर जितका कडक आणि घट्ट, तितकी इंजिनाची थरथर जशीच्या तशी फोनमध्ये उतरते. पडण्यापासून वाचवणारी पकडच थरथर पोचवण्याचं काम करते, आणि मेसेजमधून नेमकं हेच सुटलंय.

आता "कॅमेरा बिघडतो ही आवई" या वाक्याकडे येते, कारण माझा स्वतःचा फोन यात गेलाय.

चार दिवसांचा प्रवास होता, मोठी सिंगल सिलिंडर गाडी, होल्डर पूर्ण धातूचा. फोन चार दिवसांत जागचा हलला नाही, ओरखडाही नाही. पाचव्या दिवशी एका पावतीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला तर अक्षरं पाण्याखाली ठेवल्यासारखी डुलत होती. फोन टेबलाच्या कडेला टेकवून धरला तरी डुलत होती. कानाशी नेला तर लेन्सच्या बाजूने बारीक घरघर ऐकू आली. वाइड लेन्सवर गेले की चित्र एकदम स्थिर, सेल्फी कॅमेराही ठणठणीत. बिघडली होती ती फक्त मुख्य लेन्स.

कारण त्या फोनमध्ये तीच एक लेन्स हलणारी होती. हात थरथरला तरी फोटो फाटू नये म्हणून अनेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन असतं. जायरोस्कोप हालचाल ओळखतो आणि बारीक स्प्रिंगांवर तोललेली लेन्स किंवा सेन्सर, कॉइल आणि चुंबकाच्या जोरावर, उलट्या दिशेला किंचित सरकतो. ही यंत्रणा माणसाच्या हाताच्या हालचालीसाठी बनवलेली आहे. इंजिनाची हालचाल वेगळी. 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, सेकंदाला 100 वेळा फिरतो, म्हणजे तासाभरात 3,60,000 फेरे, आणि सिंगल सिलिंडर गाडीत पिस्टनच्या वरखाली होण्याचा धक्का जवळपास प्रत्येक फेऱ्याला हँडलपर्यंत पोचतो. लांबच्या प्रवासानंतर आपल्या तळहातांना मुंग्या येतात त्या यामुळेच. तळहात मऊ आहे, तो थरथर पचवतो. केसाएवढ्या स्प्रिंगेला ती सोय नाही.

ही आवई डॅम्पर विकणाऱ्यांनी उठवली म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या मदत-पानावर लिहिलं की जास्त ताकदीच्या किंवा मोठ्या क्षमतेच्या इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन लावणं टाळावं, कारण त्या थरथरीने स्टॅबिलायझेशन आणि क्लोज्ड-लूप ऑटोफोकस (लेन्सची जागा सतत तपासत फोकस धरणारी यंत्रणा) यांच्यावर परिणाम होऊ शकतो. मोपेड आणि स्कूटरसारख्या लहान किंवा इलेक्ट्रिक इंजिनांची थरथर तुलनेने कमी, पण तिथेही डॅम्पर असलेला माउंट वापरा आणि दीर्घकाळ रोज लावून ठेवू नका, असा सल्ला त्यात आहे. स्वतःच्या मालाबद्दल असं लिहून कंपनीला एक डॅम्परही विकायचा नव्हता. अशी लेन्स इतर कंपन्यांच्या फोनमध्येही असते, म्हणून "माझा आयफोन नाही" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं, "प्रवासात मी कॅमेरा वापरतच नाही, बंद लेन्सला काय होणार?" उलट आहे. अनेक फोनमध्ये कॅमेरा चालू असताना कॉइल लेन्सला जागेवर धरून ठेवते. बंद असताना ती स्प्रिंगांवर मोकळी असते. असे काही फोन हातात घेऊन हलवले की आत टकटक ऐकू येते, आणि ती बिघाडाची खूण नसते. तीच मोकळी लेन्स तासन्‌तास धक्के खात राहते.

"माझा फोन तीन वर्षं हँडलवर आहे, काही झालं नाही" हेही खोटं नाही. गाडी कुठली, कुठल्या आरपीएमला चालते, होल्डर किती लांबीचा, फोनचं मॉडेल कुठलं, यावर सगळं ठरतं. बॅलन्सर (थरथर कमी करणारं फिरतं वजन) असलेल्या शांत इंजिनावर रोजचे वीस मिनिटं हा एक भाग आणि मोठ्या सिंगलवर दिवसाचे आठ तास हा दुसरा. पण स्वतःचं नशीब दुसऱ्याला सल्ला म्हणून देऊ नये, विशेषतः ज्याने फोन हप्त्यांवर घेतलाय त्याला.

स्पंजचं काय? एक दगड रबरबँडला बांधा आणि रबरबँड हातात धरा. हात सावकाश वरखाली करा, दगड हातासोबत जातो. वेग वाढवत नेलात की एक ठिकाण असं येतं जिथे दगड हातापेक्षा कितीतरी जास्त उसळतो. त्याहून खूप वेगाने हात हलवला की दगड जवळजवळ जागच्या जागी थांबतो. डॅम्परचं तत्त्व तेच. रबर आणि फोन मिळून त्यांची डोलण्याची एक स्वतःची गती असते. इंजिनाची थरथर तिच्या साधारण 1.4 पटीच्या वर गेली तरच रबर ती अडवू लागतं, आणि त्या गतीच्या आसपास असेल तर उलट वाढवतं. चांगल्या डॅम्परमध्ये रबर किती मऊ असावं हे फोनचं वजन धरून ठरवलेलं असतं. अंदाजाने कापलेला स्पंज कधी उपयोगी पडेल, कधी फोन जास्त नाचवेल, आणि घट्ट पकडीत दाबला गेला की तो चपटा होऊन काहीच करणार नाही. शिवाय फोनच्या पाठीची हवा अडते ती वेगळीच.

आरशाच्या दांड्यावर लावायचा होल्डर मेसेजमध्ये "सोयीचा" म्हटलाय. गाडी सुरू करून त्या आरशात मागचं वाहन बघा. ते फाटलेलं दिसत असेल तर फोनही तेवढाच हलणार आहे. आखूड दांडा आणि हँडलच्या मध्याजवळची जागा, हेच बरं.

पाण्याबद्दलचा गैरसमज फोनच्या डब्यावरच्या अक्षरांमुळे होतो. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. आयपी 67 म्हणजे एक मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात अर्धा तास. आयपी 68 मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते, तिथे तो दुसरा आकडा 5 किंवा 6 असतो. सात किंवा आठ मिळालं म्हणजे पाच-सहा आपोआप मिळालं असं नसतं. धावत्या गाडीवर येणारा पाऊस स्थिर पाणी नव्हे. त्यात फोन एकदा पडलेला असेल, काच बदललेली असेल, तर आतलं सील पहिल्यासारखं राहत नाही, आणि बहुतेक कंपन्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे पावसात चार्जिंगची वायर लावलेली असणं. ओल्या पोर्टमध्ये करंट चालू राहिला की पिना गंजून खाल्ल्या जातात. आणि फोन जगला तरी नकाशा वापरता येत नाहीच: थेंब पडद्यावर बोट असल्यासारखे काम करतात, नकाशा आपोआप लहानमोठा होतो, मग माणूस एका हाताने हँडल धरून ओल्या ग्लव्हने काच पुसत राहतो. हे मी समोरच्या गाडीवर पाहिलंय आणि जीव मुठीत धरून हॉर्न वाजवलाय. पाऊस आला की फोन जॅकेटच्या आतल्या खिशात आणि वळणांच्या सूचना कानात.

मेसेजमध्ये उन्हाचा शब्दही नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण माझ्या ओळखीत पावसापेक्षा उन्हाने बंद पडलेले फोन जास्त आहेत. अ‍ॅपल आयफोनच्या वापरासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस ही सभोवतालच्या हवेची मर्यादा सांगते. हँडलवरचा फोन वरून ऊन खातो, पडदा पूर्ण उजेडावर असतो, जीपीएस आणि नेटवर्क चालू असतं, वर चार्जिंगची उष्णता. चालत्या गाडीवर वारा थोडं सांभाळतो. सिग्नलला थांबलात की वारा गेला आणि इंजिनाची धग वर आली. फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद होतो, आणि तेही नेमकं अनोळखी चौकात. पारदर्शक वॉटरप्रूफ पाऊच उन्हात वापरणं म्हणजे फोनला बंद काचेच्या पेटीत ठेवणं. वायरलेस चार्जिंग वायरपेक्षा जास्त गरम करतं. सारखं तापणं आणि त्याच वेळी पूर्ण चार्ज असणं, या दोन्हींनी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. जाड कव्हर काढा, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेटवर्क बंद ठेवता येतं (जीपीएस उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्याला इंटरनेट लागत नाही), आणि लांबच्या सरळ रस्त्यावर पडदा बंद करा.

"बॅटरीवरून थेट वायर" या सल्ल्यात फ्यूजचा उल्लेख नाही, म्हणून तो धोकादायक आहे. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळतं तेव्हा हँडलच्या गळ्यापाशी वायर घासते. तिथे आवरण फाटून तांबं फ्रेमला लागलं तर बॅटरी सगळा जोर त्या बारीक वायरमधून ढकलते आणि वायर पेटते. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी हवा, चार्जरच्या टोकाशी नव्हे. आणि सप्लाय इग्निशनवरून घ्या. चार्जर रिकामा असतानाही 10 मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला 240 मिलिअँपिअर-तास जातात, लहान गाडीची 5 अँपिअर-तासांची बॅटरी उभ्या उभ्या तीन आठवड्यांत बसते. एक अँपिअरचा जुना यूएसबी चार्जर म्हणजे जेमतेम पाच वॅट, नकाशा चालू असताना तो फोनची टक्केवारी घसरायची थांबवेलच असं नाही.

राहिली गाणी. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. त्याच्या वर गाणं न्यायचं म्हणजे कान 100 च्या आसपास नेणं. नायॉश ही अमेरिकी संस्था कामाच्या जागी 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरते आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. आधी वारा कमी करायचा असतो: नीट बसणारं हेल्मेट, फोमचे इअरप्लग, आणि हेल्मेटमधले स्पीकर. प्लगमधून कमी आवाजातलं गाणं आणि "200 मीटरवर डावीकडे" दोन्ही स्वच्छ ऐकू येतं, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. फ्रान्समध्ये तर 2015 पासून कानात इअरफोन घालून दुचाकी चालवायला बंदी आहे, हेल्मेटमधले स्पीकर मात्र चालतात.

वळणं कानानेच ऐकावीत हा आग्रह मी आणखी एका कारणाने धरते. ताशी 60 किलोमीटरला दोन सेकंद नकाशाकडे पाहिलं की गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते.

आता माझ्या हँडलवर एक जुना फोन असतो, ज्याच्या कॅमेऱ्यात हलणारी लेन्स नाही. त्यात नकाशे उतरवलेले आहेत, सिम नाही. चांगला फोन आतल्या खिशात, हेल्मेटला जोडलेला. तुमचा फोन आधीपासून हँडलवर असेल तर आजच छापील मजकुरावर मुख्य कॅमेरा धरा, 1एक्स वर आणि मग टेलिफोटो असेल तर त्यावरही, दहा सेकंद हात टेकवून. अक्षरं डुलली, फोकस सारखा आतबाहेर होत राहिला किंवा घरघर आली, तर होल्डर आजच काढा आणि वॉरंटीची तारीख बघा.