तिला आधी बेडपॅन उचलू द्या

परवा नातीच्या उशाशी पडलेलं पुस्तक उचललं. इंग्रजी कादंबरी. पहिल्या महायुद्धात एक सतरा वर्षांची पोरगी घरातनं पळून फ्रान्सला जाते आणि नर्स होते. नात नववीत. तिनं दोन दिवसांत फडशा पाडला, मला डिक्शनरी घेऊन चार रात्री लागल्या. सांगलीत सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं ‘सिस्टर’ म्हणून हाक ऐकलेल्या बाईला आता गप्प बसवेना, म्हणून ही पोस्ट.

ती पोरगी तिसऱ्या प्रकरणात टाके घालते. तिसऱ्या! आणि पाचव्यात जखमी कॅप्टन तिचा हात धरतो.

1979 साली मी ट्रेनिंगला गेले, तेव्हा पहिला महिना बेडपॅन, युरिनल आणि चादरीचे कोपरे एवढंच केलं. कोपरा नीट दुमडला नाही की ट्यूटर आख्खा बेड उपसायला लावायच्या. नाइटला गॉज कापून घड्या घालायच्या, वाफेवर निर्जंतुक करायला त्यांचे ड्रम भरायचे. सुई उकळण्याआधी कापसावरनं ओढून बघायची. कापूस अडकला म्हणजे टोक वाकलंय, मग ती दगडावर घासायची.

आणि युसॉल. साडेबारा ग्रॅम ब्लीचिंग पावडर, तेवढीच बोरिक, लिटरभर पाणी. ताजंच करायचं, शिळं झालं की जोर जातो. सडलेल्या जखमेवर त्यात भिजवलेलं गॉज ठेवायचो. घरी येऊन भाकरी थापताना हाताला त्याचा वास यायचा, साबणानं जायचा नाही. हे युसॉल निघालं ते पहिल्या महायुद्धातच, 1915 च्या सुमाराला, एडिंबरात. फ्रान्सच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या शेणखत मुरलेलं, ती माती जखमेत गेली की गँगरीन. म्हणजे त्या पोरीच्या हाताला आणि माझ्या हाताला एकच वास असू शकला असता. पुस्तकात मात्र लव्हेंडरचा वास आहे. असो.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याकडं पोरांसाठी ऐतिहासिक म्हटलं की गड, घोडा, तलवार. मलाही आवडतं ते. पण साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात गेले. तिकडं इराकात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. आणि मिरजेत डॉ. वान्लेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासून उभं होतं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं बायकांना नर्सिंग शिकायला ससूनला धाडलं होतं. मग मिरजेत शिकलेली आणि लढाईवर गेलेली पोरगी कुणीतरी लिहायला काय हरकत आहे?

लिहाल तर दुसरं महायुद्ध घ्या, ब्रह्मदेशची आघाडी. 1943 च्या वटहुकुमानं लष्करी नर्सेसना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. कालपर्यंत घरात पुरुषमाणसांसमोर खाली मान घालून उभी राहणारी पोर, आणि आता शिपाई तिला सॅल्यूट ठोकतोय! त्याच वर्षी त्या आघाडीवरनं एका जखमीमागं 120 आजारी माणसं मागं पाठवावी लागत होती, असं तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनीच लिहून ठेवलंय. मलेरिया, हगवण. आणि मलेरियाची ती गोळी, जिनं कातडी पिवळी पडायची. म्हणजे तुमच्या नायिकेचे दिवस गोळी लागलेल्या कॅप्टनजवळ जाणार नाहीत. थंडी भरलेल्या माणसावर चौथं ब्लँकेट टाकण्यात आणि हगवणीचे चार्ट भरण्यात जातील.

आणि तिचं घर दाखवा. माझी आत्या 1979 सालीसुद्धा आईला म्हणाली होती, “वैनी, परक्या बाप्यांची अंगं पुसणारी पोरगी कोण करून घेणार गं?” आई काही बोलली नाही. माझ्या ट्रंकेत दोन पांढऱ्या साड्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला, आणि ट्रंक स्वतःच उचलून एसटीपर्यंत आली. चाळीस-बेचाळीस साली अशी आई असेल, नसेलही. नसली तर पोरगी कशी गेली, ते मला वाचायचंय.

हे सगळं नातीला ऐकवलं. ती म्हणाली, “आजी, मग मीच लिहिते.” रविवारी दोन पानं आणून दिली. सुरुवात फक्कड होती, पोरगी मिरज स्टेशनवर ट्रंकेवर बसलीय. दुसऱ्या पानावर ती टाके घालायला लागली. मी लाल पेन घेऊन खोडलं.

सध्या अबोला आहे.