डिस्को शिकागोत मेला म्हणे

दर जुलैत एक पोस्ट फिरत येते. '१२ जुलै १९७९ला शिकागोत डिस्को मेला. यंत्रावर ठोकलेलं, जीव नसलेलं संगीत. लोकच कंटाळले, त्यांनीच संपवलं. उरलं ते खरं संगीत, म्हणजे रॉक.' सोबत कोमिस्की पार्क मैदानातल्या धुराचा फोटो.

धूर खरा आहे. रेडिओ निवेदक स्टीव्ह डालने जाहीर केलं होतं, डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटांत बेसबॉलचे दोन सामने बघा. सामन्यांच्या मधल्या वेळात रेकॉर्डींनी भरलेली पेटी स्फोटाने उडवली, हजारो लोक मैदानात घुसले आणि यजमान व्हाइट सॉक्स संघाला दुसरा सामना गमवावा लागला. पण यावरून 'लोक कंटाळले' हे कसं ठरतं? डालची आधीची नोकरी त्याचं स्टेशन डिस्कोकडे वळलं तेव्हा गेली होती. शिवाय विन्स लॉरेन्स नावाचा पोरगा तेव्हा त्या मैदानात कामाला होता. लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही रेकॉर्डी होत्या, असं त्याने पुढे सांगितलंय. चीड नुसत्या ठेक्यावर नव्हती.

आणि मेला म्हणताय, तर पुढचा महिना बघा. ऑगस्ट म्हणजे तिकडे सरता उन्हाळा. १० तारखेला मायकेल जॅक्सनचा 'ऑफ द वॉल' हा डिस्कोच्या ठेक्यावरचा अल्बम बाजारात आला. त्याच महिन्यात शीक या डिस्को बँडचं 'गुड टाइम्स' बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

यंत्राच्या आरोपालाही हेच गाणं पुरेसं आहे. बर्नार्ड एडवर्ड्सचा बास, नाइल रॉजर्सची गिटार, टोनी थॉम्पसनचे ड्रम: तिघं माणसं, हाताने वाजवणारी. हेडफोन लावून फक्त बास ऐका. तो घाई करत नाही, मध्येच जागा सोडतो आणि त्या रिकाम्या जागेतच गाणं डोलतं. त्या जागा यंत्राने ठरवलेल्या नाहीत. डिस्कोचा ठेका घडला तोही फिलाडेल्फियाच्या सोल या कृष्णवर्णीयांच्या संगीतात. १९७३च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये ड्रमवादक अर्ल यंगची हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या संचातली झांजांची जोडी, ऐका. गाणं विरहाचं आहे आणि पाय तरी हलतात. गायिका डॉना समरचं 'आय फील लव्ह' मात्र बहुतांश सिंथेसायझरवर उभं आहे, मान्य. त्याचा निर्माता जॉर्जिओ मोरोडरला मुद्दाम भविष्यातला आवाज हवा होता, आणि मिळाला.

उरलं 'खरं रॉक'. गायक बॉझ स्कॅग्जचं 'लोडाउन' हे गाणं १९७६चं. सॉफ्ट रॉकवाले ते आपलं म्हणतात, पण ठेका थेट डान्स फ्लोअरचा, आणि ग्रॅमी मिळालं ते रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय संगीतप्रकारातल्या सर्वोत्कृष्ट गाण्याचं. त्यात वाजवणाऱ्यांनीच पुढे टोटो हा रॉक बँड काढला. डिस्को आणि रॉकमधली ही भिंत वादकांना कधी दिसलीच नाही, ती रेकॉर्डच्या दुकानातल्या खणांत होती.

त्या जुलैनंतर रेडिओ स्टेशनांनी डिस्कोकडे पाठ फिरवली, हे खरं. नावाचीही लाज वाटू लागली. पण त्याच शिकागोत वेअरहाउस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवत राहिला, आणि तिथूनच हाउस या डिस्कोतून निघालेल्या नाचाच्या संगीताला नाव मिळालं. मैदानातला तो विन्स लॉरेन्स १९८४च्या 'ऑन अँड ऑन' या सुरुवातीच्या हाउस रेकॉर्डचा सहलेखक झाला.

आपल्याकडे तर वरातच उशिरा निघाली. तिकडे तेरावं उरकलं, मग १९८०त बिड्डूच्या संगीतावर नाझिया हसनचं 'आप जैसा कोई' आलं. 'डिस्को डान्सर' हा सिनेमा त्याच्याही नंतरचा, १९८२चा.