नानांचं पालथं ताट

सगळ्यांना जय ख्रिस्त.

आज महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी भाकर आणि प्याला घेण्याचा. उपासना सुटली, मी चपला घालत होते आणि मागून आवाज आला, "हिने कसा काय घेतला प्याला? नवरा सोडून आलीय ना ही?" जिच्याबद्दल हे चाललं होतं ती पोर चार पावलांवर लेकराच्या बुटाची लेस बांधत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा बांधू लागली. मान काही वर केली नाही.

मी गप्प राहिले. घरी येईपर्यंत अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या बाईंचा राग होताच, त्याहून जास्त माझा मलाच.

अहो, अर्ध्या तासापूर्वीच पाळकसाहेबांनी वाचलं होतं ना, की माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं? आत्मपरीक्षण! शेजारणीचं परीक्षण नव्हे. आपण मात्र प्रार्थनेत डोळे किलकिले ठेवून बघतो, कोण पुढे गेलं आणि कोण बाकावरच बसून राहिलं.

नानांबद्दल आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

नाना माझे धाकटे चुलते. प्यायचे. लोक उगाच बोलत नव्हते, खरंच प्यायचे. एका नाताळला भर दुपारी दारात येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात बांधलेला खाऊ. आत महिला संघातल्या बहिणी बसलेल्या आणि नानांच्या तोंडाला वास. मी म्हटलं, "नाना, बाहेर ओट्यावरच बसा. ताट आणते." ते काही बोलले नाहीत. बसले. मी ताट दिलं आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरून गेले. संध्याकाळी दार उघडलं तर नाना गेलेले. नळावर स्वतः धुतलेलं ताट पायरीवर पालथं घातलेलं, शेजारी वाटी, तीही पालथी. खाऊचा पुडा तसाच उंबऱ्याशी.

खरं सांगते, त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. मी ताट उचलून आत ठेवलं.

फेब्रुवारीत नाना वारले. माती देऊन आलो आणि आत्याबाई जुन्या गोष्टी काढून बसल्या. आमचे पणजोबा गावकीच्या कामाला जायचे, तेव्हा त्यांना जेवण बाहेर मिळायचं. भांडं वेगळं ठेवलेलं. जेवून झालं की स्वतः धुवायचं आणि पालथं घालून यायचं. आत्याबाई सहज सांगत होत्या. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आमची माणसं ख्रिस्ताकडे आली ती कशासाठी? नगर जिल्ह्यातल्या आपल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. एका भाकरीतून, एका प्याल्यातून सगळ्यांना मिळतं म्हणून आली. आणि त्याच घरातल्या मी, सख्ख्या चुलत्याला, तेही नाताळच्या दिवशी, ताट बाहेर दिलं. नाना प्यायचे हे माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. काय उपयोग झाला त्या खरेपणाचा?

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शिस्त हवी, प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला पत्रातून खडसावलंय, मान्य. बास, इतकंच मान्य.

शेवटच्या भोजनाला प्रभूने काय केलं? शिष्य पेत्र आपल्याला तीनदा नाकारणार हे त्याला ठाऊक होतं. त्याला धरून देणारा यहूदा तर त्याच्याच ताटात हात घालत होता. प्रभूने कुणाला ओट्यावर बसवलं नाही. मग त्याच्या मेजावर कोणी यावं हे ठरवणाऱ्या आपण कोण?

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव आपण नगरकर किती अभिमानाने घेतो! त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंचं सोवळं त्यानंतरही काही वर्षं चालूच होतं. त्या आल्या त्या आपल्या पावलांनी, आपल्या वेळेला. आपल्याला मात्र समोरचं माणूस येत्या रविवारपर्यंत सुधारलेलं हवं असतं.

प्रभू कुसळ आणि मुसळाचं बोलला, मत्तयच्या सातव्या अध्यायात. दिवसभर टाइप करता करता मला सारखं खळं आठवतंय. सहा-सात वर्षांची असेन, डोळ्यात कुसळ गेलं होतं. रडून डोळा लाल. काढलं नानांनीच. एका हाताने हनुवटी धरली, धोतराचा सोगा जिभेला लावून ओला केला, त्याला पीळ देऊन टोक काढलं. "हलू नको, माय." त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता, इतके जवळ होते. कुसळ असंच निघतं हो. चपला घालता घालता, लांबून, दहाजणींना ऐकू जाईल असं बोलून नाही निघत.

त्या बाईंचंही मी आता काही म्हणत नाही. सकाळी फार राग होता. त्यांच्याही घरात काय चाललंय, मला कुठे माहीत आहे?

नानांचं ते ताट अजून आमच्या मांडणीत आहे, रोजच्या वापरातलं. घासून झालं की मी ते उभं ठेवते, पालथं घालत नाही.

त्या पोरीला संध्याकाळी फोन केला. उचलला नाही. उद्या परत करते.