माझ्या मुलाच्या गोळीबद्दल फिरणारा तो मेसेज

गेल्या महिन्यात नात्यातल्या, सोसायटीतल्या आणि शाळेच्या पालकांच्या, तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज आला. 'एडीएचडी नावाचा आजारच नाही, औषध कंपन्यांनी गोळ्या विकायला तो काढला. पूर्वी दोन धपाट्यांत सुधारणाऱ्या मुलांना आजचे आळशी आईबाप अमली पदार्थ चारतात. मूल गप्प होतं, उंची खुंटते, व्यसन लागतं, गोळी जन्मभर सुटत नाही. साखर आणि मोबाईल बंद करा, महिन्यात फरक बघा.' शेवटी, 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा.' माझ्यापर्यंत तो आतेसासूबाईंनी पोचवला, मायेनंच. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याला जमत नाही, आणि तेरा महिने तो त्यावरची मिथाइलफेनिडेट ही उत्तेजक गोळी घेतो आहे. हा मेसेज वाचून एखादी आई घाबरून गोळी बंद करेल, याची मला खरंच काळजी वाटते. म्हणून उत्तर देते.

'कंपन्यांनी काढलेला आजार.' लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं लक्ष न टिकणाऱ्या, स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली ती 1902 साली. मिथाइलफेनिडेट तयार झालं 1944 मध्ये. म्हणजे मुलं आधी दिसली, गोळी चाळीस वर्षांनी आली. उत्तेजक औषधाचा उपयोगही योगायोगानं कळला. 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखी थांबावी म्हणून मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तर काही मुलांचा अभ्यासच सुधारला. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पुढे अमेरिकेत कंपन्यांनी भरमसाट जाहिराती केल्या, हे खरं आहे, आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण त्यामुळे माझ्या मुलाची अडचण खोटी ठरत नाही.

'दोन धपाटे.' इथे मला थांबायचं आहे, कारण ते मी दिलेत. तो दुसरीत होता. चार वजाबाक्या, अडीच तास. पेन्सिलीला टोक करायला उठला तो खिडकीत, खिडकीतून बाल्कनीत, तिथून मांजरीमागे जिन्यात. आणून बसवलं, मारलं. दहा मिनिटांत पुन्हा तेच. मला वाटलं, कोडगा झालाय. तो रडत म्हणाला, "आई, मी बसतो गं, पण माझं बसणं राहतच नाही." ते वाक्य आजही मला झोपू देत नाही. 2007 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं काढून दाखवलं की, मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी शिखर गाठते, तर एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात, जिथून माणूस स्वतःला आवरतो. ही तीन वर्षं मारून कशी भरून निघणार?

आणि पूर्वी ही मुलं सुधारत होती, असं कोण म्हणतं? माझा मामा नववीत शाळेतून निघाला. घरात सगळे त्याला 'उनाड' म्हणायचे, आजोबांचा पट्टा त्यानं रोज खाल्ला. सुधारला नाही, फक्त घरी यायचा बंद झाला. ही गोष्ट बहुतांशी रक्तातून येते, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. मुलाचं निदान ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मामा होता.

बडोद्यात राहणाऱ्याला उत्तरायणाचं, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचं, वेगळं सांगायला नको. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या अगाशीचा, म्हणजे गच्चीचा, कठडा गुडघाभर. तीन वर्षांपूर्वी कापलेल्या पतंगामागे माझा मुलगा तोंड वर करून सरळ कडेला धावला. काकानं मागून शर्ट धरला, दोन बटणं काकाच्या मुठीत राहिली. सकाळीच त्यानं तीनदा शपथ घेतली होती की मधोमध उभा राहीन. ती घेताना तो खोटं बोलत नव्हता. यंदा काकाची फिरकी धरून तो अर्धा तास एका जागी उभा होता, आणि ढील दे, ढील दे म्हणून ओरडत होता.

'आळशी आईबाप.' गोळीपूर्वी आम्ही पावणेदोन वर्षं काय काय केलं: कान-डोळे तपासले, समुपदेशकांकडे पालकांचे वर्ग केले, अभ्यासाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडले, बाईंना विनवून पहिला बाक मिळवला. उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. पाच वर्षांखालच्या मुलांत आधी आईबापांचं प्रशिक्षण. मोठ्या मुलांत भोवतीची परिस्थिती बदलूनही अडचण उरली, तरच औषध. निदानही उठसूट होत नाही. त्रास सहा महिने हवा, बारा वर्षांच्या आत सुरू झालेला हवा, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवा. एक शंका मात्र रास्त आहे. वर्गात वयानं सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत आढळलंय. तुमचं मूल वर्गात धाकटं असेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

'अमली पदार्थ.' हे औषध एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे आणि कडक नियंत्रणातल्या औषधांच्या शेड्यूल एक्स या यादीतही. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो. ठेवणारी दुकानं थोडी, साठा संपला की रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत फिरावं लागतं. पण कॅन्सरच्या रुग्णाला वेदनेसाठी मॉर्फिन देतात, तेही याच कायद्याखाली. त्या घराला आपण व्यसनी म्हणत नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात हे औषध घेतलेली मुलं पुढे व्यसनाकडे जास्त वळतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि ज्यांना उत्तेजक नकोच, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध आहे.

'मूल गप्प होतं.' आमच्याकडे झालं. पहिल्या पंधरवड्यात तो जेवताना गुणगुणायचा थांबला. घर शांत होतं आणि मला ती शांतता सहन होत नव्हती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस कमी केला, पाचव्या दिवशी वरणभातासमोर गाणं परत आलं. मूल विझल्यासारखं वाटलं तर डोस चुकलाय किंवा औषध चुकलंय. लगेच कळवा, 'सवय होईल' म्हणून थांबू नका.

उंचीचंही अगदी खोटं नाही. एडीएचडीच्या उपचारांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सतत औषध घेणारी मुलं तीन वर्षांत इतरांपेक्षा सुमारे 2 सेंटीमीटर कमी वाढली. भूक मरते, डबा तसाच परत येतो. म्हणून आमच्याकडे गोळीआधी तुपाचं धिरडं आणि दूध. रात्री आठला भूक परतते तेव्हा तो दोन वाट्या सेव-उसळ संपवतो. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ, शेजारी वजन.

साखरेचं थोडक्यात. 1994 च्या एका अभ्यासात आईबाप आणि मुलं कोणालाच कळू न देता साखर देऊन पाहिली, वागण्यात फरक पडला नाही. मोबाईल आम्ही पाच महिने पूर्ण बंद ठेवला. झोप सुधारली, वजाबाक्या तिथेच राहिल्या.

'जन्मभर सुटत नाही.' वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 579 मुलं होती, वेगवेगळे उपचार मिळणाऱ्या गटांत वाटलेली. 14 महिन्यांनी काटेकोर औषधोपचार मिळालेल्या मुलांची लक्षणं सगळ्यात जास्त सुधारली होती, पण तीन वर्षांनी गटांमधला फरक उरला नाही. म्हणून गोळी माझ्या मुलाचं आयुष्य घडवेल, असं मी कोणाला सांगत नाही. ती सकाळच्या शाळेचे काही तास त्याच्या हातात देते, त्या तासांत त्याला सवयी लावायचं काम आमचं. गरज उरली आहे का, हे दर वर्षी तपासायचं असतं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन आठवडे तो गोळीशिवाय जाईल, बाई रोज एक फॉर्म भरतील, आम्ही घरी दुसरा. मग डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून ठरवतील. आत्याबाईंना मी हे फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "जूनमध्ये मी येऊन राहते, संध्याकाळी त्याच्याजवळ बसायला माणूस लागेल तुला."