याकोब नक्की कुठला?

लेख छान आहे पण एक घोळ झालाय, तुम्ही लिहिलंय की हेरोद राजाने ज्या याकोबाला तलवारीने मारलं त्यानेच पुढे यरुशलेमला पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत निर्णय दिला, अहो मेलेला माणूस सभेत कसा बोलेल 😄 बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १२वा अध्याय उघडून बघा, दुसऱ्याच ओवीत जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ याकोब मारला जातो आणि १७व्या ओवीत तुरुंगातून सुटलेला येशूचा शिष्य पेत्र म्हणतो हे याकोबाला सांगा. हा दुसरा, प्रेषित पौल गलतीकरांच्या पत्रात ज्याला प्रभूचा म्हणजे येशूचा बंधू म्हणतो तो, कृत्यांच्या १५व्या अध्यायात त्या सभेत बोलतो तोही हाच. शिवाय येशूच्या बारा शिष्यांत अल्फीचा मुलगा याकोब वेगळाच! इंग्रजीत निदान जेकब आणि जेम्स अशी फोड तरी होते, आपल्या मराठी बायबलमध्ये उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सगळेच याकोब. आणि तो हेरोदसुद्धा बाळ येशूच्या वेळचा नाही बरं का, त्या जुन्या हेरोदाचा नातू अग्रिप्पा. मला स्वतःला लहानपणी उत्पत्तीतला योसेफ आणि मरीयेचा नवरा योसेफ एकच वाटायचा, दोघांचेही बाप याकोब, दोघांनाही स्वप्नं, दोघंही मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये, मग काय होणार! तेव्हापासून नावाआधी बाप कोण आणि भाऊ कोण ते बघते.